शेवटच्या पानावर तिचं काय झालं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



सकाळपासून आपण आठवणी काढतो आहोत. कोणाला किती छड्या बसल्या, कोणाच्या सायकलची हवा कोणी सोडली, गणिताच्या तासाला कोण मागच्या दाराने पसार व्हायचं, सगळ्याचा हिशेब झाला. संयोजक मला म्हणाले, "तू मराठी शिकवतेस, तू पुस्तकांवर बोल." आपल्याच जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गेली तीस वर्षं अकरावी-बारावीला मराठी शिकवते आहे. तेव्हा आज एकाच गोष्टीवर बोलते. शाळेच्या वयात, अभ्यासाच्या पुस्तकांबाहेर, ज्या गोष्टी आणि कादंबऱ्या आपण वाचल्या, त्यांनी आम्हा मुलींना 'बाईने कसं असावं' हे कसं शिकवलं? आणि आजच्या मुलींना त्यांच्या हातातल्या गोष्टी काय शिकवताहेत?

हा विषय आपल्या गावाला परका नाही. कागदोपत्री आता आपण अहिल्यानगरचे, पण बोलताना आपलं नगरच म्हणू. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. जोतिराव फुल्यांनी नगरची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे याच फरारबाईंकडे घेतले. आपलं जिल्हा वाचनालय त्याच्याही आधीचं, १८३८ चं. मुलींना वाचता यावं म्हणून या गावाने इतक्या लवकर सुरुवात केली. पण मुलगी वाचायला शिकली की लगेच पुढचा प्रश्न येतो, की ती वाचते काय?

आपण काय वाचत होतो ते आठवून बघा. पाचवी-सहावीत 'चांदोबा' आणि 'किशोर'. मग ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या', साने गुरुजींची 'श्यामची आई', आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. आठवी-नववीत एकदम मोठ्यांची कपाटं उघडली आणि 'स्वामी', 'मृत्युंजय', 'ययाति' हातात आली. शिवाय भाड्याने पुस्तकं देणारी छोटी दुकानं होती. तिथून आईच्या नावावर चंद्रकांत काकोडकर, योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे यांच्या कादंबऱ्या यायच्या. तपकिरी कागदाचं कव्हर, कडेला तेलाचे डाग, आणि पुष्कळदा शेवटचं पान फाटलेलं. मग 'शेवटी काय झालं गं?' हे मधल्या सुट्टीत एकमेकींना विचारायचं. आजच्या भाषणाचं नाव तिथूनच घेतलं आहे.

आता फास्टर फेणेपासून सुरुवात करू. बनेश फेणे, फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा. किडकिडीत अंगाचा, तोंडाने 'टॉक' करणारा, सायकलवरून चोरांच्या मागे लागणारा. इथे बसलेल्या प्रत्येक मुलाला वाटायचं की तो फेणे म्हणजे आपणच. आम्हा मुलींनाही तेच वाटायचं! आम्हीही मनातल्या मनात त्याच सायकलवर बसलो. कारण धाडस करायचं तर दुसरं वाहनच नव्हतं. इंग्रजीतून आलेल्या एनिड ब्लायटनच्या 'फेमस फाइव्ह'मध्ये मुली होत्या. पण त्यातली जी खरी धाडसी, ती जॉर्जिना, केस कापून 'मला जॉर्ज म्हणा' असा हट्ट धरायची, आणि दुसरी अॅन बहुतेक वेळा खाण्यापिण्याचं आणि आवराआवरीचं बघायची. याचा अर्थ आम्ही आपोआप काढला. धाडस करायचं असेल तर थोडं मुलगा व्हावं लागतं, आणि मुलगी राहायचं असेल तर भांडी घासावी लागतात.

यात भागवतांना दोष द्यायचा नाही. त्यांनी मराठी मुलांना जे दिलं त्याची परतफेड होणार नाही. मला दाखवायचं आहे ते वेगळंच. आम्ही मुली लहानपणापासून दोन्ही बाजूंनी वाचायला शिकलो. मुलाच्या गोष्टीत मुलगा होऊन शिरलो, मुलीच्या गोष्टीत मुलगी होऊन. मुलांना मात्र कधी मुलगी होऊन वाचावं लागलं नाही. समोर बसलेल्या पुरुष मंडळींना विचारते, दहावीपर्यंत तुम्ही असं एकतरी पुस्तक वाचलंत का, ज्यात गोष्टीचा नायक मुलगी आहे आणि तुम्ही तिच्या डोळ्यांनी जग बघितलंत? माना खाली गेलेल्या दिसताहेत. असू द्या, तशी पुस्तकं तुमच्या हातात कोणी दिलीच नव्हती.

आता 'ययाति' घ्या. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ ची. तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुढे खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं. राजा ययाति, शुक्राचार्यांची मुलगी देवयानी आणि राजकन्या शर्मिष्ठा, तिघंही आपापली कहाणी सांगतात. खांडेकरांचा रोख होता ययातीच्या न संपणाऱ्या भोगलालसेवर. पण नववीतल्या मुली कादंबरी वाचून कशावर भांडायच्या? देवयानी वाईट की शर्मिष्ठा चांगली, यावर. आणि त्यातही निकाल आधीच लागलेला असायचा. देवयानी मागते. तिला कच हवा होता, तो मिळाला नाही. मग तिने राजा मागितला, मान मागितला, अपमानाची भरपाई मागितली. म्हणून ती अहंकारी. शर्मिष्ठा देते. कुळासाठी राजकन्येची दासी होते, गप्प राहते, सोसते, प्रेम करते. म्हणून ती थोर. राजाने दोघींना दिलेल्या दुःखाचं काय, हे आम्हाला विचारायचं सुचायचंसुद्धा नाही. एका पुरुषाच्या पायी दोन बायकांची आयुष्यं विस्कटली, आणि आम्ही दोघींपैकी चांगली कोण यावर वाद घालत बसलो.

हे शिकवण कोणी फळ्यावर लिहून दिली नव्हती. गोष्ट उपदेश करत नाही, म्हणून तर ती मनात खोल जाते. गोष्ट फक्त दाखवते, की या मुलीला काय हवं होतं आणि शेवटच्या पानावर तिचं काय झालं. मागणारीला शिक्षा आणि सोसणारीला बक्षीस, हे दहा पुस्तकांत दिसलं की अकरावं पुस्तक उघडायच्या आधीच मुलीला नियम पाठ झालेला असतो.

तिसरं उदाहरण तर आपल्या जिल्ह्याशी जोडलेलं आहे. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची. माधवराव पेशवे आणि रमाबाई. पुढे दूरदर्शनवर मालिका आली तेव्हा रविवारच्या गप्पांत दुसरा विषय नसायचा. थेऊरला १७७२ मध्ये माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. आम्ही ते प्रसंग वाचून उशा भिजवल्या. पण त्याच काळात आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीची मुलगी काय करत होती? अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. सासरे मल्हाररावांनी त्यांना सती जाण्यापासून थांबवलं. आणि १७६७ ते १७९५, अठ्ठावीस वर्षं, त्यांनी महेश्वरहून राज्य चालवलं. म्हणजे रमाबाई सती गेल्या त्या दिवशी ही बाई वसुलीचे, न्यायनिवाड्याचे, फौजेचे कागद बघत होती.

आता सांगा, आपल्यापैकी किती मुलींनी आरशासमोर रमा होऊन बघितलं, आणि किती जणींनी अहिल्याबाई? अहिल्याबाई आपल्याला भेटल्या त्या हातात पिंड घेतलेल्या, पांढऱ्या वस्त्रातल्या, नमस्कार करून पुढे जावं अशा. धडा होता, पण प्रेमाने, रागाने, हट्टाने भरलेली कादंबरी तेव्हा आमच्या हातात नव्हती. मुलगी नमुना म्हणून जिला धरते, ती तिला गोष्टीतून भेटलेली असावी लागते. नुसत्या पुतळ्याला पाहून कोणी तसं व्हायचं ठरवत नाही.

आता भाड्याच्या कादंबऱ्यांबद्दल. त्यांना नाक मुरडायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. त्या लिहिणाऱ्या बायका स्वतः कर्तबगार होत्या. सुमती क्षेत्रमाडे तर डॉक्टर होत्या. त्या काळातल्या कादंबऱ्यांत शिकलेली, नोकरी करणारी, स्वतःच्या मनाने प्रेम करणारी नायिका घरोघर पोचली, हे लहान काम नव्हतं. लग्न ठरवताना मुलीला कोणी विचारत नव्हतं अशा घरांत 'तिला कोण आवडतं' हा प्रश्न निदान पुस्तकात तरी विचारला जात होता. आणखी एक गोष्ट. आपण दहावीला होतो त्याच वर्षी, १९८४ मध्ये, अमेरिकेत जॅनिस रॅडवे नावाच्या अभ्यासक बाईंचं एक पुस्तक आलं. प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींना त्यांनी सरळ विचारलं होतं, तुम्ही हे का वाचता? त्या बायकांच्या उत्तरांचा मथितार्थ असा, की हातात पुस्तक असतं तेवढा वेळ मी माझी असते. हे वाचलं तेव्हा मला आपल्या आया आठवल्या. दुपारची भांडी आटोपल्यावर भिंतीला टेकून पुस्तक उघडलेली आई. तेवढा एक तास तिचा होता.

पण त्याच रॅडवेबाईंनी पुढचंही सांगितलं. ती कादंबरी वाचून बाईला बरं वाटायचं, आणि घर मात्र होतं तसंच राहायचं. कारण बहुतेक गोष्टींत रागीट, तुसडा नायक शेवटी प्रेमळच निघायचा. थोडं सोसलं, थोडी वाट पाहिली, की त्याचं खरं मन कळतं, हा त्या गोष्टींचा धडा. आपल्याकडच्या कितीतरी कादंबऱ्यांचाही तोच होता.

याच मराठीत वेगळं लिहिणारे नव्हते का? होते, आणि आपल्या अगदी जवळ होते. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं आणि त्यात तेव्हाच्या कथा-नाटकांतल्या बायकांच्या चित्रणावरही कोरडे ओढले. म्हणजे आज मी विचारते आहे तो प्रश्न एका मराठी बाईने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी विचारून ठेवला आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. यमू स्वतः आपली कहाणी सांगते. तीही सोसते, पण तिचं सोसणं वाचून कोणाला 'असंच सोसावं' असं वाटत नाही. 'हे असं का?' असं वाटतं. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर, म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. नगरहून पुण्याला जाताना आपण जी घोडनदी ओलांडतो, त्या शिरूरचं नाव त्यांनी टोपणनावात घेतलं. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यांनी लिहिलं, आणि ही बाई कोण म्हणून महाराष्ट्रभर गदारोळ झाला.

आणि लक्ष्मीबाई टिळक तर आपल्याच. रेव्हरंड टिळकांबरोबर त्या नगरला आणि राहुरीला राहिल्या. अकराव्या वर्षी लग्न झालं, लिहायला-वाचायला त्यानंतर शिकल्या. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ चा. नवऱ्यावर जीव आहे, त्याच्या लहरीपणाचा वैतागही आहे, आणि त्याची थट्टाही आहे, सगळं एकाच घरात. आपल्या मराठीच्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, नववीत तुम्ही मला हे पुस्तक दिलंत आणि म्हणालात, "वाच, हसशील." मी हसले, आणि हसता हसता मला कळलं की सोसणारी बाई गप्प असलीच पाहिजे असं नाही. ती बोलू शकते, चिडू शकते, विनोद करू शकते, आणि तरी चांगलीच असते. नऊ-दहा कादंबऱ्यांनी पाठ करून घेतलेला नियम एका पुस्तकाने सैल केला.

आता आजच्या मुलींकडे येते. 'हल्लीची मुलं वाचत नाहीत' असं आपण सारखं म्हणतो. माझा अनुभव उलटा आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या गावांतून एसटीने येणाऱ्या माझ्या मुली पुष्कळ वाचतात, पण फोनवर वाचतात. प्रतिलिपीसारख्या अॅपवर मराठीत रोज कथांचे नवे भाग येतात. बसमध्ये वाचून होतात, वर्गात त्यांच्यावर चर्चा होते. त्यांतल्या बऱ्याच गोष्टींचा साचा आता मला तोंडपाठ आहे. नायक श्रीमंत, देखणा आणि भयंकर चिडका. लग्न मनाविरुद्ध, नाहीतर करारावर. तो तिला टाकून बोलतो, कुठे गेलीस म्हणून जाब विचारतो, दुसऱ्याशी बोलली तर मनगट धरतो. आणि ऐंशीव्या भागात त्याचं मन विरघळतं. हे फक्त आपल्याकडे नाही. २००५ मध्ये आलेल्या 'ट्वायलाइट' या अमेरिकन कादंबरीने जगभरच्या मुलींना वेड लावलं. त्यातला नायक रात्री नायिकेच्या खोलीत शिरून ती झोपलेली असताना तिला बघत बसतो, आणि ते प्रेम म्हणून वाचलं जातं.

एकदा मी वर्गात विचारलं, "हा मुलगा तिचा फोन हिसकावून घेतो, याला काय म्हणाल?" एक मुलगी पटकन म्हणाली, "मॅडम, त्याचं तिच्यावर प्रेम आहे म्हणूनच ना!" अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. मुलांनीही. ती मान डोलावणारी मुलंही त्याच साच्यातून काहीतरी शिकत असतात, हे आपण विसरतो.

हे मला का टोचतं ते सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालं होतं. म्हणजे पाचांत एकीपेक्षा जास्त. आपल्या जिल्ह्याच्या ज्या भागांतून कुटुंबं ऊसतोडीला जातात, तिथे आई-बापांना मुलीला मागे एकटं ठेवायची भीती वाटते. मग दिवाळीनंतर वर्गात एखादा बाक रिकामा दिसतो. कादंबरी वाचून कोणाचं लग्न लवकर होत नाही, ते गरिबीमुळे आणि भीतीमुळे होतं. पण त्या घरात गेल्यावर मुलगी काय चालवून घेईल आणि काय नाही, हे ठरवायला तिच्याजवळ गोष्टींखेरीज फारसं काही नसतं. तो चिडतो म्हणजे प्रेम करतो, हे तिने शंभर भागांत वाचलेलं असतं. संसाराला ऐंशीवा भाग असेलच असं नाही.

मग ही वाचायची बंद करायची का? मुळीच नाही. बंदी घातलेलं पुस्तक चादरीखाली वाचलं जातं, हे आपल्याइतकं कोणाला माहीत? शिवाय त्याच अॅपवर खेड्यातल्या मुली स्वतः गोष्टी लिहितातही, आणि लिहिणारीच्या हातात शेवट असतो. मी वर्गात दोन साध्या गोष्टी करते. पहिली, कोणतीही गोष्ट वाचली की तीन प्रश्न विचारायचे. तिला काय हवं होतं? ते मागितल्यावर तिचं काय झालं? तेच एखाद्या मुलाने मागितलं असतं तर काय झालं असतं? दुसरी, शेवटचं पान पुन्हा लिहायचं. मागे एका मुलीने 'ययाति'चं लिहिलं. तिच्या पानावर देवयानी आणि शर्मिष्ठा, ययाति नसताना, विहिरीच्या काठावर बसून पहिल्यांदा एकमेकींशी नीट बोलतात. भांडण झालं ते कपड्यांवरून, आणि आयुष्य गेलं एका राजावरून, असं तिने लिहिलं होतं. आम्ही नववीत घालत होतो त्या वादाचं उत्तर मला त्या पानावर मिळालं. त्याच तासाला एका मुलाने शर्मिष्ठा होऊन लिहिलं. त्याला दोनदा थांबावं लागलं. पण त्याने पूर्ण केलं.

आता शेवटची विनंती, आणि ती पैशांची आहे, म्हणून नीट ऐका. प्रत्येक तुकडी मेळाव्यानंतर शाळेला काहीतरी देते. पाण्याच्या टाक्या झाल्या, पंखे झाले, प्रोजेक्टर झाला. आपल्या तुकडीने पुस्तकांची दोन कपाटं द्यावी असं मी सुचवते. त्यांत फास्टर फेणे असू दे, 'स्वामी' आणि 'ययाति' असू दे, त्या तपकिरी कव्हरच्या कादंबऱ्याही असू देत. पण त्यांच्या शेजारी 'स्मृतिचित्रे', 'पण लक्षात कोण घेतो?', 'कळ्यांचे निःश्वास' आणि आजच्या लेखिकांची पुस्तकं ठेवू. आणि मुख्याध्यापकांना एकच अट घालू. आठवड्यातला एक तास मुलं आणि मुली मिळून एकच पुस्तक वाचतील, आणि त्यातलं निम्मं वाचन मुलीच्या गोष्टीचं असेल.

नावनोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जाताना तिच्यात रक्कम लिहाच, पण तिच्याशेजारी एका पुस्तकाचं नावही लिहा, जे तुमच्या मुलीच्या, नातीच्या, आणि मुलाच्या किंवा नातवाच्याही हातात पडावं असं तुम्हाला वाटतं. यादी त्यावरून करू.

बाई, सर, तुमच्या पायांवर डोकं ठेवून थांबते.